ओव्याच्या वाटेनं

चिमूटभर ओवा तळहातावर घ्या आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं जोर लावून चोळा. दाणे फुटले पाहिजेत. आता तळहात नाकाशी न्या. आधी नाकपुड्यांत झिणझिणतं, मग टाळूला ऊब लागते, मग डोळ्यांच्या कडांना पाणी येतं. तुम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या आठवडी बाजारात मसाल्याच्या पालापुढं उभे आहात. मागं सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर हॉर्न वाजवतोय. डोळे मिटून घ्या. वास सोडू नका, तो नेईल तिकडं जा.

हॉर्न थांबतो.

डोळे उघडता तेव्हा पायाखाली डांबर नाही, फुफाटा आहे. हवेत गारठा. १९३१ चा डिसेंबर चालू आहे, पण इथल्या दफ्तरात साल लिहिलंय फसली १३४१. मुलूख हैदराबादच्या निजामाचा, कागदाची भाषा उर्दू, बाजारात चालतो तो हाली शिक्क्याचा रुपया. दोन्ही बाजूंना दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावर लाकडाच्या आधारानं तोललेली मातीची माळवदं. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. या माळवदांकडं नीट बघून ठेवा, आपल्याला पुढं त्यांच्याकडं परत यायचंय.

गल्लीच्या टोकाकडून एकसारखी कुरकुर ऐकू येते. तेल्याचा घाणा. डोळ्यांना झापड बांधलेला बैल गोल फिरतोय, लाट उखळात घासली जातेय, आणि खालच्या भांड्यात पिवळसर धार पडतेय. गेल्या सुगीची करडई आहे.

“या पावणं, बसा. घाणी निघतच आलीय,” तेली म्हणतो आणि तुमच्या तळहातावर कोमट तेलाचा थेंब सोडतो.

वास घेऊन बघा. बियांचा मंद, गोडसर वास, बास. हे पोटात जाणारं तेल. भाकरीवर, चटणीवर, दिव्यात, लेकराच्या अंगाला. रोगजंतूला या तेलाची फारशी भीती नाही. कोपऱ्यात मात्र दोन गाडगी झाकून ठेवलीत. एकात लिंबोळीचं तेल, दुसऱ्यात करंजाचं. झाकण उचललं की उग्र, लसणासारखा दर्प घशात उतरतो.

“हे खरजंला, आन् हे जनावराच्या जखमंला,” तेली दाखवतो. “ह्याच्यावर माशी बसंना बघा.”

का बसत नाही, ते तेल्याला ठाऊक नाही आणि १९३१ साली जगात फारसं कुणालाच ठाऊक नाही. अजून अकरा वर्षांनी, १९४२ मध्ये, सलीमुझ्झमान सिद्दिकी नावाचे रसायनशास्त्रज्ञ याच लिंबोळीच्या तेलातून कडू द्रव्यं वेगळी काढतील आणि त्यांना निंबिन, निंबिनिन, निंबिडिन अशी नावं देतील. तोवर तेल्याचं ज्ञान गाडग्यात आहे आणि ते त्याच्या बापाकडून आलेलं आहे.

पण ज्या वासामागं तुम्ही इथवर आलात, तो या घाण्यातला नाही. घाणा जड तेल काढतो. ओवा, लवंग, पुदिना यांच्यातलं तेल वेगळ्या जातीचं. ते उडून जातं, म्हणूनच नाकाला कळतं. ते घाण्यात पिळून येत नाही. त्याला वाफ लागते, नाहीतर निखारा.

निखारा पलीकडच्या वाड्यात आहे.

उंबऱ्यावर सहा वर्षांची एक पोर बसलीय. मांडीवर मातीची थाळी, थाळीत ओवा, बाळंतशोपा, वावडिंग आणि लसणाची टरफलं. दाराच्या चौकटीला कडुनिंबाचा डहाळा खोचलाय.

“आत जायचं न्हाई,” ती तुम्हाला अडवते. “माय बाळंत झालीय. भाऊ झालाय मला.”

तिचं काम निखाऱ्यांचं. चुलीतले पेटते कोळसे आणायचे, बाजेखालच्या शेगडीत टाकायचे, त्यावर आजी ओवा फेकते. आत जाता येत नाही, पण भिंतीतल्या झरोक्यातून धूर बाहेर येतो. तुम्ही झरोक्याशी तोंड नेता आणि तोच वास तुमच्या अंगावर धावून येतो, बाजारातल्यापेक्षा दसपट तीव्र.

आता या धुराबरोबर लहान व्हा. मुंगीएवढं नव्हे, तिच्याहून कितीतरी लहान, इतकं की बाळंतिणीच्या अंगावरच्या जुनेराचा एकेक धागा तुम्हाला वडाच्या पारंबीएवढा दिसावा. त्या धाग्यावर द्राक्षांच्या घोसासारखे गोल जंतू चिकटलेत. स्टॅफिलोकॉकस. गळवं, पू भरलेल्या जखमा, स्तनाला येणारी गाठ, हे यांचं काम. प्रत्येकाच्या अंगाभोवती स्निग्ध पदार्थाचा तलम पापुद्रा आहे. आतलं पोटॅशियम आत राहतं, बाहेरचं नको ते बाहेर राहतं, ते या पापुद्र्यामुळं.

धुराबरोबर थायमॉलचे कण खाली उतरतात. ओव्याच्या दाण्यात उडणारं तेल शंभरात दोन ते चार भाग, आणि त्या तेलाचा पुष्कळसा हिस्सा थायमॉल. पन्नास अंशांच्या आसपास तो वितळतो. पाण्याशी त्याचं जमत नाही, लिटरभर पाण्यात जेमतेम ग्रॅमभर विरघळतो. त्याला ओढ स्निग्धाची. समोर जंतूचा पापुद्रा दिसला की तो त्यात शिरतो, जसं तेल वातीत शिरावं. पापुद्र्याची वीण सैल पडते. आतलं पोटॅशियम गळायला लागतं. ज्या ऊर्जेवर जंतू जगतो तिचा साठा रिता होतो. कापडावर पुरेसा थायमॉल बसला असेल तर तो जंतू मरतो. नसेल तर अडखळतो, वाढ थांबवतो, आणि धूर सरला की पुन्हा उठतो.

हे ‘पुरेसा’ फार महत्त्वाचं आहे. धुरीनं खोली निर्जंतुक होत नाही. तेवढा थायमॉल हवेत नसतोच, आणि कोंडलेला धूर नव्या लेकराच्या कोवळ्या छातीला बाधतो. पण आजीच्या हातात तरी दुसरं काय आहे? पेनिसिलिन १९२८ मध्ये लंडनच्या एका बशीत दिसलंय, पण ते औषध व्हायला दहा-बारा वर्षं लागतील. सल्फाची पहिली गोळी चार वर्षं दूर. लोहाऱ्यातल्या बाळंतिणीपर्यंत पोचणारी जंतुनाशकं म्हणजे ओवा, हळद, कडुनिंब आणि उकळतं पाणी. या बाईनं आपल्या घरचा सगळा दवाखाना एका थाळीत मांडलाय. मला त्या थाळीविषयी आदर वाटतो.

आणि हा ओवा तेव्हाच जग फिरून आलेला आहे. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानचा ओवा पोत्यांनी जर्मनीला जायचा, तिथल्या कारखान्यांत त्याचं सत्त्व निघायचं, आणि ते थायमॉल जगभरच्या औषधशाळांत विकलं जायचं. जखमेवर, तोंडाच्या रोगांवर, पोटातल्या अंकुशकृमींवर. १९१४ मध्ये लढाई पेटली, माल अडला, तेव्हा कुठं इथं सत्त्व काढायची धडपड सुरू झाली.

“काकानं हैद्राबादहून आणलंय,” पोर कोनाड्यातून एक इवलीशी बाटली काढून दाखवते. आत लालभडक औषध. लेबलावर उर्दू अक्षरं. जिंदा तिलिस्मात. हकीम मोहम्मद मोइझुद्दीन फारूकी यांनी १९२० मध्ये हैदराबादेत ते सुरू केलं. निलगिरीचं तेल, कापूर, पुदिन्याचं सत्त्व, ओव्याचं सत्त्व, आणि रंगाला रतनजोत. निजामाच्या मुलखात सर्दीला, दातदुखीला, पोटदुखीला ही बाटली. आता दूर अमेरिकेत, सेंट लुईस गावी, १८७९ मध्ये निघालेल्या लिस्टरीनकडं बघा. त्यातही थायमॉल, निलगिरीतलं युकॅलिप्टॉल आणि मेंथॉल. एक शल्यविशारद लिस्टर यांच्या नावानं विकलं गेलं, दुसरं तिलिस्म म्हणून, जादू म्हणून. दोघांच्या पोटात जवळपास तीच तीन झाडं. पोर बाटलीचं बूच उघडते, हुंगते, आणि घाईनं बंद करते. तिला एक थेंब सांडलेलाही चालणार नाही.

तुम्ही आठ दिवस इथंच थांबा. थांबायलाच हवं.

बाळंतीण उठून बसायला लागलीय. तिला ताप नाही, दूध भरपूर आहे. आजीच्या शेकाला, धुरीला, उकळलेल्या पाण्याला यश आलं असं घरात सगळे म्हणतात. पण सातव्या दिवशी दुपारी लेकरू अंगावर पीत नाही. तोंड लावतं, ओढंना. आजी त्याच्या हिरडीवर मध चाटवते, बोट आत जात नाही. जबडा घट्ट. संध्याकाळी कुणी दार जोरात लावलं तर लेकराचं सगळं अंग धनुष्यासारखं ताणतं. घरात शब्द कुजबुजला जातो, सटवाई. आणखी ओवा निखाऱ्यावर पडतो. आणखी. खोलीत माणूस दिसेनासं होतं. पोर निखारे आणून आणून दमते. लाल बाटलीतला थेंब लेकराच्या छातीला चोळला जातो.

आठव्या दिवशी पहाटे रडण्याचा आवाज येतो, आणि तो लेकराचा नसतो.

नाळ विळ्यानं कापली होती. त्यावर गोवरीची राख दाबली होती, रक्त थांबावं म्हणून, मायेनं. त्या राखेत नाहीतर विळ्याच्या मुठीवरच्या शेणमातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू होते. जनावराच्या आतड्यात, गोठ्यात, शेताच्या मातीत ते असतातच. बीजाणू म्हणजे झोपलेला जंतू. भोवती पापुद्र्यावर पापुद्रे, आत जवळजवळ कोरडं. ओव्याच्या तेलाला शिरायला जागा नाही. नाळेच्या सुकत्या बुंध्यात, जिथं हवा पोचत नाही, तिथं तो जागा होतो आणि विष सोडतो. ते विष मज्जातंतूंच्या वाटेनं चढतं. सटवाईचा दोष नव्हता. आजीचा तर नव्हताच. विळा स्वच्छ धुऊन बराच वेळ उकळला असता आणि नाळेला काहीच लावलं नसतं तर... पण ते सांगणारं या गावात कोण होतं?

उंबऱ्यावर पोर बसलीय. तिच्या मांडीवरची थाळी रिकामी आहे. तुम्हाला तिच्याशी काही बोलता येत नाही.

तिच्या घरात आणखी एक गोष्ट तुम्ही पाहिलीत. त्या धावपळीत काकाच्या उघड्या पायावर निखारा पडला आणि काकाला कळलंच नाही. कातडं जळाल्याचा वास आला तेव्हा त्यानं खाली पाहिलं. पाठीवर फिकट चट्टा आहे, वर्षभरापासून. तिथं बोट फिरवलं तरी लागत नाही. तो सदरा काढत नाही, नदीवर सगळ्यांनंतर आंघोळीला जातो. त्याला ठाऊक आहे. हैदराबादेत त्यानं कुणाकडून तरी एका गावाचं नाव ऐकलंय, आणि महिन्याभरात तो कुणाला न सांगता निघतो. तुम्ही त्याच्याबरोबर निघा.

गुलबर्ग्याच्या रस्त्यानं बैलगाडी, दोन-तीन मुक्काम. पुढं आगगाडी, वाडी जंक्शन, सिकंदराबाद. तिथून गोदावरी खोऱ्याची मीटरगेज गाडी उत्तरेला. निजामाबादच्या जरा अलीकडं तो उतरतो. डिचपल्ली.

डॉ. इझाबेल केर आणि त्यांचे पती रेव्हरंड जॉर्ज केर यांनी १९१५ मध्ये सुरू केलेला कुष्ठरोग्यांचा हा दवाखाना. मिशनचा असला तरी त्याच्या उभारणीला राजा नरसा गौड यांच्यासारख्या हिंदू दात्यानं पैसा दिलाय. माळरानावर बराकी, भाजीचे वाफे, सुतारकाम, माग. लोक काम करताना दिसतात, बोटं झडलेले हातही. काकाला पहिला धक्का याचाच बसतो, की इथं कुणी त्याच्यापासून लांब सरकत नाही.

आणि मग वास. ओव्याचा नाही. जड, कुबट, तळणीच्या शिळ्या तेलासारखा, त्यात क्रिओसोटचा धुरकट डंख. हे कडू कवठाचं तेल. पश्चिम घाटात, कोकण-गोव्याकडच्या जंगलांत हे झाड वाढतं. त्याच्या भावकीतलं आसाम-ब्रह्मदेशाकडचं झाड म्हणजे चालमोगरा. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्राच्या काठच्या तुवरकाचं वर्णन आहे, त्याच्या फळांचं तेल काढून कुष्ठावर द्यायची रीत आहे. ते तुवरक म्हणजे हेच झाड असं जाणकार मानतात. पाश्चात्त्य वैद्यकात चालमोगरा आला तो १८५४ मध्ये, कलकत्त्यात फ्रेडरिक मोआट यांनी लिहिल्यावर. पण पोटात घेतलं की उलटी व्हायची. रोगी औषध टाकून द्यायचा.

हे जड तेल रक्तात न्यायचं कसं, ही गाठ एका तरुण मुलीनं सोडवली. हवाई बेटांवर १९१५ च्या सुमारास ॲलिस बॉल नावाच्या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ मुलीनं तेलातली आम्लं वेगळी करून त्यांची टोचता येईल अशी पातळ एस्टरं बनवली. १९१६ मध्ये ती गेली, चोवीस वर्षांची. तिची पद्धत बरीच वर्षं दुसऱ्याच्या नावानं ओळखली गेली. डिचपल्लीच्या या खोलीत तिचं नाव कुणाला माहीत नाही, तुम्ही मात्र मनात घ्या.

काका बाकावर पालथा पडतो. कंपाउंडर तेलगू, उर्दू आणि तुटक मराठी मिसळून बोलतो.

“हिलना नको. दुखेल. बहुत दुखेल.”

इथं एस्टर नव्हे, तेलच टोचतात: कडू कवठाचं तेल, त्यात शंभराला चार भाग क्रिओसोट. जाड सुई चट्ट्याच्या कातड्यात तिरपी घातली जाते, थोडं तेल सोडलं जातं, बाहेर काढून पुन्हा शेजारी, पुन्हा. चट्ट्याच्या मधोमध काकाला काही कळत नाही, पण कडेला सुई आली की तो बाक दातांनी धरतो. आठवड्यातून दोनदा. महिनोन् महिने.

या तेलाचं बळ कशात आहे? त्यातल्या स्निग्ध आम्लांच्या शेपटीला पाच कर्बांचं एक कडं आहे. करडईच्या तेलात तसं कडं नसतं. कुष्ठाचा जंतू आणि क्षयाचा जंतू एकाच कुळातले, मेणचट जाड आवरणाचे. ते आवरण इतर औषधांना दाद देत नाही. पण चालमोगऱ्याचं आम्ल या मेणकट कुळाला नेमकं लागतं, हे १९२० मध्ये वॉकर आणि स्वीनी यांनी प्रयोगशाळेत दाखवलं होतं. १९७५ मध्ये लुई लेव्ही यांनी उंदराच्या पावलात कुष्ठाचे जंतू वाढवून पुन्हा तपासलं, तेव्हाही या आम्लांनी त्यांची वाढ रोखलेली दिसली. म्हणजे सुश्रुताच्या काळापासून माणूस ज्या झाडाकडं जात होता, त्यात खरंच काही होतं.

काही. पुरतं नव्हे. तुम्ही वर्षभर थांबलात तर दिसेल की काकाचा चट्टा विरतो, कडा सपाट होतात, तो सदरा काढून उन्हात बसायला लागतो. आणि पलीकडच्या बराकीत, जुन्या, चेहरा सुजलेल्या रोग्यांत, तेलानं काही काळ उतार पडतो आणि मग रोग उलटतो. तेल जंतूला दाबून धरत होतं. मुळासकट काढत नव्हतं. रोज हे बघणाऱ्या डॉक्टरांचं मन काय म्हणत असेल? त्यांच्यातले एक, याच दवाखान्यात काम केलेले डॉ. जॉन लो, पुढं नायजेरियात उझुआकोलीला गेले आणि १९४७ नंतर त्यांनी डॅप्सोनच्या साध्या गोळ्या रोग्यांना तोंडावाटे द्यायला सुरुवात केली. स्वस्त, न टोचता, परिणामकारक. तेलाच्या सुया हळूहळू कपाटात गेल्या. १९८१-८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत ठरवली आणि हा रोग बरा होणारा रोग झाला.

काका कधी परत आला, आला की नाही, ते लोहाऱ्यात कुणी बोलत नसे.

परत चला. वासाची वाट धरा, पण या वेळी ती लांब नेणार नाही. ३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. काल अनंत चतुर्दशी होती, मिरवणुकीचा गुलाल अजून अंगणात आहे. आधी जमिनीतून घरघर, मग सगळं हलतं, आणि ती माळवदं, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार, माणसांवर बसतात. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव. सुमारे आठ हजार माणसं गेली असा सरकारी आकडा आहे. तुम्ही सास्तूरच्या रस्त्यावर आहात, उजाडतंय आणि पाऊस पडतोय. दगडांखालून काढलेली माणसं बाजेवर, दारांच्या फळ्यांवर. जखमांत माती. तीच माती, तेच बीजाणू, शेणाचे, गोठ्याचे.

अडुसष्ट वर्षांची एक बाई ओट्याच्या उरलेल्या तुकड्यावर बसलीय. तुम्ही ओळखलंत. तिच्या कमरेला पुरचुंडी आहे, पुरचुंडीत ओवा. शेजारी नातवाचा पाय पोटरीपासून फाटलाय. कुणीतरी टर्पेंटाइनची बाटली आणलीय. पाइनच्या डिंकातलं तेल ते. जखमेतल्या अळ्या बाहेर काढायला दवाखान्यांतही वापरतात.

“अळ्या न्हाईत अजून. आधी धुवा,” बाहेरगावाहून आलेला तरुण डॉक्टर म्हणतो. “मावशी, पाणी उकळलंय का कुणी? भरपूर पाणी.”

तो जखम धुतो. पुन्हा धुतो. मेलेलं मांस कापून टाकतो. आयोडिनचं तपकिरी औषध ओततो आणि शेवटी दंडात सुई देतो.

“ही कशाची?” बाई विचारते.

“धनुर्वाताची.”

बाई बराच वेळ त्या रिकाम्या सुईकडं बघत राहते.

आणखी पुढं. धाराशिव जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयाची सूक्ष्मजीवशास्त्राची खोली. पंखा बंद आहे, स्पिरिटच्या दिव्याची ज्योत हलू नये म्हणून. एक विद्यार्थिनी काचेच्या बश्यांत घट्ट झालेल्या अगारावर जंतूंचा पातळ थर फिरवते. मग शाळेतल्या पंचिंगच्या टिकलीएवढ्या गाळणकागदाच्या गोल चकत्या, एकेक तेलात बुडवून, चिमट्यानं मांडते. रात्रभर सदतीस अंशांवर.

सकाळी बश्या उघडतात. स्टॅफिलोकॉकसच्या बशीत ओव्याच्या चकतीभोवती स्वच्छ, निर्जंतुक वर्तुळ आहे, रुपयाच्या नाण्यासारखं. लवंगेभोवतीही. ई. कोलायच्या बशीत वर्तुळ लहान होतं, कारण त्या जंतूला आतल्या पापुद्र्यावर आणखी एक बाहेरचा कोट आहे. स्यूडोमोनासच्या बशीत तर जवळजवळ काहीच नाही. तो कोटही घट्ट, आणि आत शिरलेलं विष उपसून फेकणारे पंपही त्याच्याकडं आहेत. लिंबोळीच्या तेलाभोवती एकाही बशीत वर्तुळ नाही.

मुलगी हिरमुसते. तिला आजीनं कडुनिंबाविषयी काय काय सांगितलेलं असतं.

इथं मला मध्ये बोलावंसं वाटतं, कारण इथंच पुष्कळ जण चुकतात. लिंबोळीचं तेल जड आहे, ते पाणथळ अगारात पसरतच नाही. चकतीखाली बसून राहतं. वर्तुळ नाही याचा अर्थ गुण नाही असा होत नाही. तेलाचं पातळ दुधासारखं मिश्रण करून, नळ्यांत थोडं थोडं कमी करत नेऊन, किती कमी तेलात जंतूची वाढ थांबते ते बघावं लागतं. आणि ओव्याचं मोठं वर्तुळ दिसलं म्हणून तो पोटात घेऊन रक्तातला जंतू मरेल, असंही नाही. थायमॉल जंतूचा पापुद्रा ओळखतो, पण माणसाच्या पेशीलाही तसाच पापुद्रा असतो. जंतू मारण्याइतका तो रक्तात गेला तर आधी आपल्यालाच बाधेल. कातडीवर, हिरड्यांवर, घरातल्या फरशीवर, मुरवलेल्या लोणच्यात त्याची सत्ता. निलगिरीचं तेल आणि कापूर तर लहान मुलाच्या पोटात गेले तर झटके आणतात, तेव्हा ते मुलांच्या हाती लागता कामा नयेत.

तरीही ही मुलगी जे करतेय ते वाया जाणारं नाही. नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू आता सगळ्याच दवाखान्यांत आहेत. प्रतिजैविकासोबत थोडं उडनशील तेल दिलं की जंतूचा पापुद्रा सैल होतो आणि औषध आत शिरतं, असे प्रयोग जगभर चाललेत. ती मोजपट्टी लावते, वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये वहीत लिहिते. कडुनिंबापुढं शून्य लिहून पेन थांबवते, आणि कंसात लिहिते, नळीत पुन्हा बघायचं.

आता शेवटचा मुक्काम. तुम्ही निघालात तो बाजार इथून दूर नाही. एका ग्रामीण रुग्णालयाचा प्रसूती कक्ष, भिंतीवर निम्म्या उंचीपर्यंत पांढऱ्या टाइल्स. थोड्याच वेळापूर्वी मुलगी झालीय. नाळेला प्लॅस्टिकचा चिमटा, कापलेलं टोक कोरडं. पोटुशी असताना आईला धनुर्वाताची लस दिलेली आहे, तिचं बळ नाळेतूनच लेकीकडं गेलंय. २०१५ मध्ये भारतातून नवजातांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. या खोलीतल्या कुणी तो पाहिलेला नाही.

“नाळेला काही लावायचं नाही हं. तेल नाही, हळद नाही, राख नाही,” सिस्टर बाळाला गुंडाळताना म्हणते. “आपोआप वाळून पडेल. आणि आजी, खोलीत धूर करू नका बरं का.”

दारात उभी असलेली आजी मान हलवते. ही आजी म्हणजे ओट्यावर बसलेल्या त्या बाईची सून. सासू जाऊन बरीच वर्षं झाली.

“धूर न्हाई करत, बाई. सासूबाईंनी सांगून ठेवलं व्हतं, नाळेला हात लावू द्यायचा न्हाई कुणाला म्हणून.”

मग ती पदराच्या गाठीतून पुरचुंडी सोडते. बाळापासून लांब, खिडकीपाशी उभी राहून चिमूटभर ओवा तळहातावर घेते, अंगठ्यानं चोळते, आणि आपल्या बाळंत सुनेच्या तोंडाशी नेते. भाकरी-दूध नुकतंच खाऊन झालंय, पोट जड आहे. सून डोळे मिटून चावते. टाळूला ऊब लागली असणार, कारण तिच्या कपाळावरची आठी मोकळी होते.

खिडकीतून रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू येतो.